बत्तीशी

एवारिस्तो पाइयान स्क्रूड्रायव्हरनं ऐकायचा.
हातभर लांब, मूठ लाकडाची, घामानं काळी पडलेली.
टोक बेअरिंगच्या घरावर,
मूठ कानामागच्या हाडावर, डोळे मिटलेले.
नासिमिएन्तोच्या आरागिरणीत
रात्रपाळीचे सगळे तेवढा वेळ बोलणं थांबवत,
जणू आत कुणी झोपलंय.

मी आले ती बत्तीस सेन्सर घेऊन.
काडेपेटीएवढे, बुडाला चुंबक.
त्याच्या यंत्रांवर एकेक चिकटवत गेले
तेव्हा तो एवढंच म्हणाला,
"गोचिडी बऱ्या आहेत तुझ्या, ओरिएता."

पहिले तीन महिने मी काहीच दुरुस्त केलं नाही.
नुसत्या नोंदी.
मोठी पट्टाकरवत, तिचं वरचं चाक, खालचं चाक,
साल सोलणारा ड्रम, भुसा ओढणारा पंखा.
मार्दोनेस फोरमन विचारी, पगार कशाचा घेतेस?
मी म्हणे, बरी आहेत तोवर ओळख करून घेते.
आजारी पडल्यावर ती कुणाला विचारू?

जूनमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात,
बेर्गारा नदीवरून धुकं शेडमध्ये शिरत असताना
खालच्या चाकाच्या आलेखात एक काटा उगवला.
बारीक. दोन्ही अंगांना दोन पिल्लं.
आठवड्यानं पाहिलं, तर वाढलेला.

एवारिस्तोला बोलावलं.
त्यानं टोक टेकवलं, मूठ कानामागे,
बराच वेळ.
"ठणठणीत आहे."
मार्दोनेसनं लगेच घड्याळ पाहिलं;
शुक्रवारी कोरोनेलच्या बंदरात जहाज भरायचं होतं.

मी वाद घातला नाही.
चाळीस वर्षं करवतीशेजारी काढलेल्या कानातून
सगळ्यात आधी उंच, बारीक सूर निघून जातात:
पाखरं, शिट्टी, फोनवरची नात,
आणि बेअरिंगचं पहिलं कण्हणं.
हे मला पुस्तकातून माहीत होतं.
त्याला कशातून, ते माहीत नाही.
कारण सगळे चहाला गेल्यावर तो परत आला,
टोक पुन्हा तिथंच टेकवलं
आणि मूठ उरल्यासुरल्या बत्तीशीत धरली.

तसाच उभा राहिला,
लगाम चावत थांबलेल्या घोड्यासारखा.
मग माझ्याकडे न बघता म्हणाला,
"थांबव."

सहा तास लागले.
चाक उतरवलं, शाफ्ट उचलला,
बेअरिंग टॉर्चनं कापून काढलं.
बाहेरच्या कड्याच्या आतल्या अंगाला पोपडा उडालेला,
मसुराच्या दाण्याएवढा.
बत्तीशी वठली होती. माझीही, त्याचीही.
मार्दोनेस त्या खळग्याकडे असा बघत होता
जसं तिथं जहाजाचं नाव लिहिलंय.

नव्यात ग्रीस भरताना माझा हात सैल सुटत होता.
एवारिस्तोनं पिचकारी काढून घेतली.
तीन दाब. बस्स.
उपाशी बेअरिंग मरतं, लाडावलेलंही मरतं,
तापून, आतल्या आत.
मुलगा सान्तियागोत असतो, असं मध्येच म्हणाला,
आणि पिचकारीचं तोंड
गरजेपेक्षा जास्त वेळ पुसत बसला.

उजाडताना, पट्टा पुन्हा फिरायच्या आधी,
त्यानं टेबलावरचा राखीव सेन्सर उचलून
स्वेटरवर, छातीशी धरला.
"बघ की माझंही."
मी हसत पडद्याकडे वळले.
टेकड्या होत्या, घळी होत्या, लोकरीची खरखर होती.
"काय म्हणतंय?"
सांगता नाही येणार, मी म्हटलं.
तुम्ही धडधाकट असतानाची नोंद नाही माझ्याकडे.

तो थोडा वेळ तसाच धरून उभा राहिला.
मग म्हणाला, "आजची तारीख टाक."